ऐकणाऱ्याची बाजू

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत टाकण्यासाठी म्हणून खाली काढलेल्या वस्तूंपैकी निम्म्या पुन्हा माळ्यावर जातात, हा सर्वच घरांचा अनुभव असावा. यंदा आमच्या घरी ज्या वस्तू पुन्हा वर गेल्या नाहीत, त्यांत पत्रांचे दोन गठ्ठे होते. एक बिस्किटांच्या जुन्या डब्यातला, तो माझाच. दुसरा हैदराबादेहून पार्सलने आलेला. पहिल्यात माझ्या एका मित्राने मला लिहिलेली पत्रे आहेत, दुसऱ्यात मी त्याला लिहिलेली. मित्र गेला, आणि त्याच्या मुलीने घर आवरताना माझी पत्रे माझी म्हणून मला परत धाडली. सोबत एवढेच लिहिले होते, ‘काका, बाबांनी ही सगळी जपून ठेवली होती.’

हा मित्र आणि मी प्रत्यक्ष भेटलो दोनदाच. १९७१ साली पुण्यात शिक्षकांच्या एका शिबिरात चार दिवस एकत्र होतो. पुढे एकदा तो मुंबईला जात असता सोलापूरच्या फलाटावर गाडी थांबली तेवढ्या वेळात मी त्याच्या हातात शेंगाचटणीचा डबा ठेवला आणि त्याने माझ्या हातात एक पुस्तक ठेवले. बाकी चाळीस वर्षांची मैत्री कार्डे आणि अंतर्देशीय पत्रे यांवरच झाली. नोकरी, मुलींची लग्ने, आजारपणे, वाचलेली पुस्तके, वरिष्ठांशी झालेली भांडणे, सारे काही आम्ही एकमेकांना कळवीत असू. निदान माझी समजूत तशी होती.

आम्ही राहतो सात रस्त्यावर. गॅलरीत उभे राहिले की कोणी विजापूरच्या वाटेला लागलेला दिसतो, कोणी होटगीच्या, कोणी पिशवी सावरीत स्टेशनकडे धावत असतो. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एका दमात कानांवर पडतात. अशा गजबजलेल्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाने आपले सुखदुःख सांगायला शेजार सोडून हैदराबादचा मित्र का शोधावा, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी पूर्वी कित्येकदा विचारला होता. मी तो हसून टाळीत असे. या गठ्ठ्यांनी तो पुन्हा पुढे ठेवला. परत आलेली स्वतःची पत्रे उघडण्याचे मात्र धैर्य होईना. तेव्हा शिक्षकी पेशाच्या सवयीने मी आधी कपाटाकडे वळलो आणि अशा दूरच्या मैत्रीची छापील पुस्तके काढून बसलो.

या मैत्रीचा मराठीतला पहिला मोठा दाखला शोधायचा झाला, तर आनंदीबाई जोशी यांच्याकडेच जावे लागते. आपण त्यांना ओळखतो ते पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक म्हणून. तथापि, त्या पदवीच्या आधी काही वर्षांची एक पत्रमैत्री आहे, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. आनंदीबाईंचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत मदत मिळावी म्हणून त्यांनी १८७८ साली वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिले. वाइल्डरने ते आपल्या मासिकात छापले, आणि धर्मांतर केल्यास विचार करता येईल अशा अर्थाचे आपले उत्तरही छापले. म्हणजे मागणी फेटाळली गेली, आणि तीही चारचौघांत. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथे तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी तो चाळून बाजूला ठेवला असता तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी पत्र लिहिले.

आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेलेले. पतीची नोकरी बदलीची, त्यामुळे अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता असा संसार एकामागून एक गाव बदलीत चाललेला. बूट घालून, पुस्तक हाती घेऊन रस्त्याने जाणाऱ्या ब्राह्मण मुलीला गाव कसे वागवीत असेल, याची कल्पना आपण करू शकतो. अशा मुलीला समुद्रापलीकडची, आईच्या वयाची एक परकी बाई विचारते, की तू कशी आहेस, तुमच्याकडे रीत काय, तुला काय वाटते? आणि मुलगी उत्तर देते, नुकत्याच शिकलेल्या परक्या भाषेत. पाहता पाहता त्या बाई तिच्या ‘मावशी’ झाल्या. मला हा एक शब्दच फार बोलका वाटतो. आईशी बोलता येत नाही ते जिच्याशी बोलता येते, ती आपल्याकडे मावशी. इंग्रजीत वाहणाऱ्या या पत्रव्यवहाराला आनंदीबाईंनी नाते मात्र आपल्या घरातले दिले.

या मैत्रीच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. माणसाला जिथे जवळजवळ दोन महिने लागले, तिथे पत्राला किती लागत असतील याचा अंदाज बांधता येतो. ‘डोके फार दुखते’ असे लिहावे आणि त्यावरची काळजी हाती यावी तेव्हा ऋतू बदललेला असावा! कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली. त्यांचा उपयोग झाला नाही. दूरच्या मैत्रीतले दुःख इथेच आहे. उत्तर येते ते, ज्याने प्रश्न विचारला तो माणूस बदलून गेल्यावर. तरीही आनंदीबाई लिहीत राहिल्या. त्यांना औषधापेक्षा अधिक हवे होते ते हे, की कोठेतरी कोणीतरी आपली डोकेदुखी लक्षात ठेवून आहे.

आता साहित्याच्या दृष्टीने पाहू. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात वारल्या. दुसऱ्याच वर्षी कॅरोलाइन डॉल यांनी इंग्रजीत त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, आणि थोड्याच काळात काशीबाई कानिटकरांनी मराठीत. काशीबाईंनी चरित्राच्या जोडीला पत्रांनाही स्थान दिले, ही त्यांच्या दृष्टीची मोठी साक्ष आहे. एका स्त्रीचे आयुष्य तिच्या कर्तबगारीच्या यादीतून कळत नाही, ते तिच्या बोलण्यातून कळते, हे त्यांनी ओळखले. पुढे १९६८ साली श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आली आणि घराघरांत पोचली. तिची योग्यता कोणी नाकारणार नाही. परंतु तिच्या नावातच तिची रचना आहे. ती पती-पत्नीची कथा आहे. त्या हट्टी, विलक्षण पुरुषाची आणि त्याच्या छायेत वाढून त्याच्याहून उंच झालेल्या स्त्रीची. कार्पेंटरमावशी या कथेत येतात त्या उपकारकर्त्या म्हणून. कादंबरीला संघर्ष लागतो, आणि शांतपणे ऐकणाऱ्या माणसात संघर्ष कोठून आणायचा? माझी तक्रार एका कादंबरीपुरती नाही. आपल्या एकूण वाङ्मयातच बोलणाऱ्याला जागा आहे, ऐकणाऱ्याला नाही.

पत्राच्या बाबतीत तर हा अन्याय अधिकच मोठा ठरतो. कारण पत्र लिहिणाऱ्याकडे राहतच नाही. ते राहते ज्याला लिहिले त्याच्याकडे. छापलेले प्रत्येक जुने पत्र म्हणजे कोणीतरी ते न फाडता, न हरवता, वर्षानुवर्षे सांभाळले याचा पुरावा असतो. कार्पेंटरबाईंनी नुसती पत्रे सांभाळली असे नाही. त्या मुलीला त्यांनी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरवून घेतले, स्वतःच्या घरी ठेवले. आणि ती गेल्यावर तिच्या अस्थी त्यांच्याकडे पाठविण्यात आल्या, तेव्हा आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, त्यांना जागा दिली. दंतवैद्याच्या खोलीत वाचलेल्या एका परक्या पत्राचे उत्तर इथवर जाऊन पोचले. असे असूनही मराठी वाचकापुढे प्रामुख्याने आल्या त्या आनंदीबाईच. मावशींचा आवाज आपल्याला आनंदीबाईंच्या उत्तरांवरून ताडावा लागतो.

दोन्ही आवाज हाती असले म्हणजे काय होते, हे पाहायला आपल्याला जवळपास शंभर वर्षे पुढे यावे लागते. जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांचा पत्रव्यवहार मराठीत या बाबतीत अपूर्व म्हणावा असा आहे. जी. ए. धारवाडला राहत, कॉलेजात इंग्रजी शिकवीत. सभा, संमेलने, सत्कार यांच्या वाऱ्याला ते उभे राहत नसत. ‘काजळमाया’ला मिळालेले साहित्य अकादमीचे पारितोषिक, पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघताच, त्यांनी परत करून टाकले. अशा माणसाला लोक माणूसघाणा म्हणतात. परंतु हाच माणूस टपालाने किती बोलका होता हे त्यांच्या निधनानंतर, म्हणजे १९८७ नंतर, पत्रांचे खंड निघू लागले तेव्हा कळले. त्यांतला पहिला खंड सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचा आहे. पुढे २००३ साली सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने प्रसिद्ध झाली.

मी स्वतः जी. एं.चा खंड आधी वाचला होता आणि भारावून गेलो होतो. पुस्तके, चित्रे, बालपण, गेलेली माणसे, मृत्यू, माणसाच्या वागण्यातला अतर्क्यपणा, विषयाला तोटा नाही. तरी त्या वेळी मनात एक शंका येऊन गेली होती, ती आता सांगतो. काही ठिकाणी पत्र इतके भरून येते, की ते पत्र राहत नाही, निबंध होतो. समोरचे माणूस धूसर होत जाते. हे पत्र दुसऱ्या कोणाला लिहिले असते तर काय बिघडले असते, असे वाटून जाते. ‘प्रिय जी. ए.’ वाचल्यावर ही शंका पार फिटली. बिघडले असते, निश्चित बिघडले असते. सुनीताबाई नुसत्या ‘वा’ म्हणणाऱ्या वाचक नाहीत. त्या प्रश्न करतात, आपले मत मांडतात, स्वतःची ठेच दाखवितात. पु. लं.सारख्या लोकांच्या लाडक्या माणसाचे घर चालविणारी ही स्त्री. त्या घरी माणसांना तोटा नव्हता. तरी काही बोलायला तिला धारवाडचा पत्ता लागला. आणि ज्याने आपल्या दारावर जणू ‘भेटू नये’ अशी पाटी लावली होती, त्याने त्या पत्त्यावर आलेल्या पत्रांना उत्तरे दिली.

सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आले तेव्हा महाराष्ट्रात केवढी चर्चा झाली, ती अनेकांना आठवत असेल. त्या आत्मकथनाशी ही पत्रे ताडून पाहण्यासारखी आहेत. आत्मकथन सर्वांना उद्देशून असते, म्हणून त्यात कोठेतरी न्यायालयाचा वास येतो. लिहिणारा साक्ष देत असतो. वाचक निवाडा करायला बसलेला असतो. पत्र एकालाच उद्देशून असते आणि त्याला उत्तर येणार असते. त्यामुळे पत्र लिहिणाऱ्याला आपलेच म्हणणे शेवटचे ठेवता येत नाही. पुढच्या टपालाने कोणी त्याला हसते, कोणी समजूत घालते, कोणी ‘हे मला पटले नाही’ असे स्वच्छ सांगते. सुनीताबाई या पत्रांत मला अधिक मोकळ्या, आणि स्वतःच्या बाबतीत कमी कठोर वाटतात, त्याचे कारण मला हेच दिसते.

येथे कोणी आक्षेप घेईल, की हे सारे सुशिक्षितांचे चोचले झाले. अडीअडचणीला धावतो तो शेजारी, पत्रातला मित्र नव्हे. आक्षेप खोटा नाही. मध्यरात्री छातीत दुखू लागले तर दार शेजारचेच ठोठवावे लागते. पण शेजाऱ्याला सारे सांगता येत नाही, कारण उद्या सकाळी त्याच्याकडेच दूध विरजायला विरजण मागायचे असते. सांगितलेले दुःख रोज जिन्यात भेटावे, हे माणसाला सोसत नाही. दूरच्या मित्राला सांगितलेले दुःख त्याच्याकडे राहते. आपण हलके होऊन भाजी आणायला जातो. शेजारी आणि दूरचा मित्र हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. दोघांची कामे वेगळी आहेत.

घरच्या माणसाचे पत्र ही आणखी तिसरी गोष्ट. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. १९३८ साली ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले. अशा माणसाचे पत्र आले की घर त्या पत्रातून माणसाच्या येण्याची वाट पाहत असते. मजकुरापेक्षा ‘केव्हा येणार’ हेच शोधीत असते. मित्राचे पत्र तसे नसते. तो येणार नाही हे ठाऊक असते. म्हणूनच त्याने जे लिहिले, ते आपण नीट वाचतो.

नीट वाचतो, असे मी आता लिहून गेलो. येथेच मला थांबावे लागत आहे.

कारण अखेर ते दोन्ही गठ्ठे मी उघडले. काशीबाईंपासून ‘प्रिय जी. ए.’पर्यंत इतके वाचल्यावर न उघडणे हा भित्रेपणा ठरला असता. दोन्हींतली पत्रे तारखांप्रमाणे एकाआड एक लावली. चाळीस वर्षांत ती प्रथमच अशी समोरासमोर आली. आणि मला जे दिसले ते सुखाचे नव्हते.

माझ्या मित्राच्या पत्रांत, एका उन्हाळ्यापासून पुढे, शेवटच्या ओळीत एक वाक्य येऊ लागते, ‘घरी थोडे बरे नसते.’ दोन महिन्यांनी पुन्हा, ‘हिची तब्येत तशीच.’ मग, ‘स्वयंपाक आता मीच करतो, बरा जमतो.’ ही वाक्ये सात-आठ वर्षे येत राहिली. आणि माझी उत्तरे? त्यांतल्या एकात माझ्या वेतनश्रेणीची दोन पाने हकीगत आहे. दुसऱ्यात गच्चीच्या गळतीची. तिसऱ्यात आमच्या मुख्याध्यापकांवर केलेला विनोद आहे, आणि तो चांगला साधला आहे, हे अधिकच लाजिरवाणे. ‘वहिनींना काय होते आहे?’ हा साधा प्रश्न मला त्या सात-आठ वर्षांत एका पत्रातही सापडला नाही. ‘वहिनींना नमस्कार’ मात्र प्रत्येक पत्रात आहे, सुंदर अक्षरात.

याला वाईटपणा म्हणता येईल की नाही, मला ठाऊक नाही. मी त्याला विसरलो नव्हतो, त्याच्या पत्राची वाट पाहत असे, ते आले की दोनदा वाचीत असे. पण मी ते वाचीत होतो आपल्याला काय उत्तर आले आहे हे पाहण्यासाठी. माझ्या प्रत्येक तक्रारीला त्याने मुद्देसूद, हसून, धीर देऊन उत्तर दिले आहे. तो माझी कार्पेंटरमावशी होता. मी त्याची झालो नाही. आपल्या वाङ्मयात ऐकणाऱ्याला जागा नाही, अशी तक्रार मी वर मोठ्या तोऱ्यात केली. ती मागे घेत नाही; फक्त पहिला आरोपी कोण, हे आता ठाऊक झाले.

म्हणून, पत्रसंग्रह वाचणाऱ्या आणि छापणाऱ्या मंडळींना एक विनंती करावीशी वाटते. थोर माणसांची ‘निवडक पत्रे’ निघतात तेव्हा शक्य तेथे समोरची पत्रेही शोधावीत, आणि दोन्ही एकत्र, तारखांच्या क्रमाने छापावीत. समोरचे माणूस थोर नसेल, त्याची शैली साधी असेल, त्यात दुधाचा हिशेब असेल, असू द्यावा. त्याशिवाय थोर माणसाने कोणत्या प्रश्नाला उत्तर दिले आणि कोणता टाळला, हे कळत नाही. निवड करताना आपण चमकदार वाक्य ठेवतो आणि ‘घरी थोडे बरे नसते’ हे गाळतो. नेमके तेच ठेवण्यासारखे असते.

आमची नात हे सारे शेजारी बसून पाहत होती. तिच्याही दूरदूरच्या मैत्रिणी आहेत. परीक्षेचे, रुसव्याफुगव्यांचे, रात्री झोप न येण्याचे सगळे त्या एकमेकींना मोबाइलवर कळवीत असतात आणि उत्तरही घटकेत येते. पूर्वी मला हे पोरखेळ वाटत असे. आता वाटत नाही. आनंदीबाईंना ज्यासाठी ऋतू बदलेपर्यंत थांबावे लागे, ते या मुलींना चहा निवण्यापूर्वी मिळते. इतकाच काय तो फरक. मी तिला उपदेश केला नाही. एवढेच विचारले, “त्यांच्यापैकी कोणाच्या घरी बरे नाही, हे तुला माहीत आहे का?” ती थोडी थांबली आणि म्हणाली, “दोघींचे माहीत आहे, आजोबा. तिसरीला विचारते.”

हैदराबादच्या वहिनी अजून आहेत, हे मुलीच्या चिठ्ठीवरून कळले होते. धनत्रयोदशीच्या दिवशी मी त्यांना पत्र लिहायला बसलो. सवयीने पहिल्याच ओळीत माझ्या गुडघेदुखीवर आलो होतो. तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. त्यावर पत्ता, तारीख, आणि ‘सौ.’ लिहिण्याच्या सवयीने क्षणभर अडखळून ‘श्रीमती वहिनींना सा. न.’ इतके झाल्यावर विचारले, की आपली प्रकृती कशी आहे, आणि त्या वर्षांत आपल्याला नेमके काय झाले होते, ते सांगण्यासारखे असेल तर मला वाचायचे आहे. पुढे काही लिहिले नाही. पत्र सात रस्त्यावरून जाऊन पेटीत टाकले. उत्तर येईल तेव्हा येईल.